‘क्ष’ला नाव द्या

संगणकाची भाषा फार अवघड, असा समज बारामती-इंदापूरकडच्या घराघरांत पक्का आहे. माझे मत जरा निराळे आहे. भाषेपेक्षा तिची उदाहरणे अवघड असतात.

पहिल्याच धड्यात एक ओळ येते : क्ष = क्ष + १. दहावीपर्यंत मन लावून बीजगणित केलेली मुलगी इथे अडते, आणि तिने अडायलाच हवे. दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला तर शून्य बरोबर एक! सर म्हणतात, ‘पुढे कळेल.’ पुढे कळत नाही. क्लास सुटल्यावर इंदापूरची एसटी पकडेपर्यंत तिने ठरवून टाकलेले असते, की आपल्याला डोकेच नाही. फी भरणाऱ्या वडिलांनाही मग तसेच वाटू लागते.

आता हीच ओळ अशी लिहून पाहा : शिल्लक = शिल्लक + जमा. माझा जन्म बँकेत गेला. अंगठा उठवणाऱ्या आजीबाईंनाही हा हिशेब पाठ असे. पाचशे होते, दोनशे भरले, सातशे झाले. ते चिन्ह इथे ‘दोन्ही बाजू सारख्या’ असे सांगतच नाही. उजवीकडचा हिशेब आधी कर आणि उत्तर डावीकडच्या नावावर मांड, अशी ती आज्ञा आहे. फरक इतकाच, की पासबुकात जुनी ओळ राहते. संगणक ती पाटीवरच्यासारखी पुसून टाकतो.

पुस्तके लिहिणाऱ्यांना मात्र आपापल्या गमती प्रिय. ‘पायथॉन’ या भाषेचे नाव सापावरून नव्हे, तर ‘माँटी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून पडले. म्हणून तिच्या उदाहरणांत ‘स्पॅम’ आणि ‘एग्ज’ भेटतात. लंडनच्या पोराला हसू येत असेल. निमगाव केतकीच्या पोराला वाटते, ‘स्पॅम’ हाही भाषेचाच शब्द असणार, आणि तो बिचारा त्याचे स्पेलिंग घोकतो! कोणता शब्द संगणकाचा आणि कोणता लेखकाच्या मर्जीचा, हे त्याला कोणी सांगतच नाही.

माळेगाव किंवा भवानीनगरच्या कारखान्याचा काटा घ्या. भरलेली गाडी तोलायची, ऊस उतरवून रिकामी तोलायची, पहिल्यातून दुसरे वजन वजा करायचे. ‘निव्वळ = भरलेले - रिकामे’ लिहिताना मुलाने नावांची उलटापालट केली, तर उत्तर उणे येईल आणि तो स्वतःच म्हणेल, ‘अहो, गाडी उलटी तोलली की!’ ‘अ - ब’ लिहून उणे सहा आले असते, तर चूक झाली हे त्याला कळलेच नसते. मात्र त्याच उदाहरणात एफआरपी, तोडणी-वाहतूक आणि पहिला हप्ता कोंबू नका. एका धड्यात एकच नवी गोष्ट पुरे.

२००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथॉनमध्ये अशी नावे चक्क देवनागरीत देता येतात. पुढे नोकरीत इंग्रजी नावेच लिहावी लागतील, हे खरे. ती तिला महिनाभरात जमतील. पहिला महिना तरी ‘शिल्लक’ असू द्या.