वाटीतले बदाम, तराजूतले बदाम

पाककृती वाटीने लिहिलेली असते आणि वाणी माल तोलून देतो. डाळ-तांदळाचं यात फारसं अडत नाही. थोडं जास्त आलं तर डब्यात राहतं. पण सुक्या मेव्याचे भाव पाहता अंदाजाने जादा आणलेले शंभर ग्रॅम बदाम महिन्याच्या हिशेबात टोचतात. कमी पडले, तर ऐन सणाच्या आदल्या संध्याकाळी कुणाला तरी दुकानात पिटाळावं लागतं.

तेव्हा आधी आपली वाटी ओळखून घ्यावी. घरातल्या सगळ्या वाट्या सारख्या नसतात. एक वाटी मापासाठी वेगळी काढा, पाण्याने काठोकाठ भरा आणि ते पाणी मापाच्या भांड्यात ओतून पाहा. २०० मिलिलिटर भरलं, तर त्या वाटीत शीग न ठेवता साधारण इतकं मावतं :

अख्खे बदाम – १२० ग्रॅम
शेंगदाणे – १२० ग्रॅम
अख्खे काजू – ११० ग्रॅम
सोललेले पिस्ते – १०० ग्रॅम
अक्रोडाचा गर, अर्धे तुकडे – ८५ ग्रॅम
बदामाची पूड – ८० ग्रॅम
साखर – १७० ग्रॅम

वाटी १५० मिलिलिटरची निघाली, तर हे आकडे पाऊणपट धरावेत.

मापाचं भांडं नसेल तरी अडत नाही. शेंगदाण्यांचं पाव किलोचं बंद पाकीट आणा आणि वाटीने मोजा. दोन वाट्या भरून चार दाणे उरले, की आपली वाटी २०० मिलिलिटरची समजावी.

यादीत बदाम दोनदा आले आहेत, तिकडे लक्ष द्या. ‘दोन वाट्या बदामाची पूड’ म्हणजे १६० ग्रॅम बदाम. ‘दोन वाट्या बदाम, पूड करून’ म्हणजे २४० ग्रॅम! पूड वाटीत सैल बसते, म्हणून वजनाला हलकी भरते. वड्यांची कृती पहिल्या मापाची असेल आणि आपण दुसऱ्या मापाने बदाम दळले, तर खर्च दीडपट होतोच, शिवाय एक वाटी साखरेचा पाक पुरत नाही आणि वड्या पाडताना भुगा होतो. म्हणून आधी मोजायचं की आधी दळायचं, हे कृतीत नीट वाचावं. बदाम भिजवायचे असतील तर माप भिजवण्यापूर्वीच घ्यावं. पाणी प्यायलेले बदाम वाटीतही जास्त आणि तराजूतही जास्त भरतात.

सासूबाईंच्या जुन्या वहीत पावशेर, छटाक असं लिहिलेलं असेल, तर पावशेर म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम आणि छटाक म्हणजे ५८ ग्रॅम. आज पावशेर मागितलं की पाव किलोच मिळतं. तेवढ्या फरकाने लाडू बिघडत नाहीत.

आपल्या वाटीचे आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. दिवाळीची यादी करताना वाट्यांचे ग्रॅम तिथेच करा आणि मगच पिशवी उचला.