गुडघा सटकतो, तेव्हा

शाळेच्या मैदानावर कबड्डी रंगात आलेली असते. चढाईला गेलेली मुलगी मध्यरेषेकडे परतताना पाय रोवून एकदम वळते आणि कोणी हात लावलेला नसतानाही मटकन खाली बसते. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाल्याचे ती सांगते. संध्याकाळपर्यंत गुडघा टरटरून सुजतो. आम्हा शिक्षकांना हे दृश्य नवे नाही आणि पुढे घरी काय होते, तेही पाठ झाले आहे. कोमट तेलाने चोळणे, हळदीचा लेप, मग हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेणे. एक्स-रे काढलाच तर ‘हाड शाबूत आहे’ असे कळते आणि अम्मी-अब्बूंचा जीव भांड्यात पडतो. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, मुलगी चालू लागते. अल्हम्दुलिल्लाह, बरी झाली, असे सगळे म्हणतात.

बरी झालेली असतेच असे नाही. एक्स-रेत हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांशी बांधून ठेवणारे चार मुख्य पट्टे गुडघ्यात असतात. त्यांपैकी आतल्या बाजूचा पट्टा फाटला, तर बहुतेक वेळा पट्टा बांधून आणि व्यायामाने तो जुळून येतो. सांध्याच्या मधोमध असलेल्या पुढच्या लिगामेंटचे मात्र तसे नाही. डॉक्टर त्याला ‘एसीएल’ म्हणतात. नडगी पुढे घसरू नये, वळताना गुडघा फिरू नये, हे काम त्याचे. ते पूर्ण तुटले की टोके बहुधा आपणहून नीट जुळत नाहीत. सूज उतरते, दुखणे थांबते, सरळ रस्त्यावर चालताही येते. पण जिना उतरताना किंवा एकदम वळताना गुडघा ‘सटकतो’. मुले हाच शब्द वापरतात आणि निदानाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे.

प्रत्येक वेळी सटकताना दोन हाडांमधली गादी चिरडते. लिगामेंटच्या जागी नवे बसवता येते, पण फाटलेली गादी पूर्वीसारखी करणे दरवेळी जमत नाही. मग साठीत होणारी गुडघ्याची झीज तिशी-चाळिशीतच सुरू होऊ शकते. मुलगी आता खेळत नाही, मग उपचार कशाला, असे सांगणाऱ्या पालकांना आम्ही एवढेच विचारतो की, जिना आणि ओली न्हाणी तिला आयुष्यभर चुकणार आहे का?

तेव्हा गुडघा मुरगळून काही तासांतच सुजला, तर चोळू नका, शेकू नका, ओढू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवा, पाय उशीवर घ्या, भार टाकू नका आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ते गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात. सरावलेल्या हाताला तेवढ्यातच बरेच कळते, खात्रीसाठी एमआरआय करतात. दुचाकीच्या अपघातात गुडघा वेडावाकडा झाला असेल, पाऊल थंड, पांढरे किंवा बधिर पडले असेल, तर सकाळची वाट पाहू नका. गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. अशा वेळी काही तासांचा उशीरही पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतो.

लिगामेंट तुटले म्हणजे शस्त्रक्रिया अटळ, असेही नाही. स्वीडनमधल्या १२१ तरुण रुग्णांवरचा एक अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, बाकीच्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत विशेष फरक दिसला नाही. दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. मात्र त्यांचा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, नेमाने चालला होता. आपल्याकडे ‘ऑपरेशन नको’ याचा अर्थ ‘काहीच नको’ असा घेतला जातो, तो घातक आहे. व्यायाम करूनही गुडघा सटकत असेल, सोबत गादी फाटली असेल किंवा पुन्हा खेळायचे असेल, तर बहुधा शस्त्रक्रियाच सुचवतात.

ती दुर्बिणीने होते. रुग्णाच्याच मांडीमागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध घेऊन तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. नवा बंध हाडात रुजायला महिने लागतात, म्हणून मैदानावर साधारण नऊ महिन्यांच्या आत परतू नये. खरी कसोटी फिजिओथेरपीची असते. गुडघा पूर्ण सरळ होणे आणि मांडीचा स्नायू भरून येणे, ही पहिली दोन कामे. टाके निघाल्यावर ते सोडून देणारे बरेच असतात. एवढा खर्च करून पाय आखडलेलाच राहतो. फिजिओची फी शस्त्रक्रियेच्या खर्चात आधीच धरा आणि सरकारी योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

मुलींच्या घरी आणखी एक भीती असते, नात्यासाठी पाहायला येणाऱ्यांना व्रण दिसले तर? दुर्बिणीचे व्रण बारीक असतात, लंगडणे त्याहून जास्त दिसते. कुस्तीगीर विनेश फोगट २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा निखळून स्ट्रेचरवरून बाहेर गेली. ऑगस्ट २०२३मध्ये तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये तिने अंतिम फेरी गाठली. (वजनाचे प्रकरण निराळे.) उड्या आणि एकदम वळणे असलेल्या खेळांत मुलींना ही इजा मुलांपेक्षा जास्त होते. गुडघे वाकवून उतरण्याचा, तोल सांभाळण्याचा सराव खेळाआधी नियमित घेतला, तर ती बरीच टळते. पीटीचा तास गणिताला देणाऱ्या शाळांनी हे वाचावे.

घरातली तयारीही लागते. सुरुवातीचे काही महिने मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे वर्ज्य असते. आजाऱ्याला बसून नमाज पढण्याची सवलत आहे, तेव्हा खुर्ची वापरायला संकोच नको. सजद्यात गुडघे कधी टेकायचे, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आपण विचारले नाही तर ते सांगतीलच असे नाही. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल, तर सर्जिकलच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते. ती शस्त्रक्रियेच्या आधीच आणून ठेवा.