आपल्या देहांवर शिकलेली विद्या आपल्या नाक्यावर हवी

कोलाडचे नाव आता मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचले आहे ते कुंडलिका नदीतल्या राफ्टिंगमुळे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटते आणि रबरी होड्या निघतात. पण आपल्या वाड्या-वस्त्यांतल्या माणसाला कोलाड वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. इथे मुंबई-गोवा महामार्ग आहे. २०११ साली पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी खड्डे, वळणे आणि अर्धवट पूल यांतून माणसे दुचाकी हाकतच राहिली. शेजारी धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथे यंत्रावर आणि मचाणावर काम करणारे बहुतेक कंत्राटी. भाताची शेते आहेत, आंबा-नारळाची झाडे आहेत, त्यांवर चढणारी पोरे आहेत. थोडक्यात, हाड मोडायला लागणारे सगळे काही कोलाडला आहे. मोडलेले हाड नीट बसवायला लागते ते मात्र इथे नाही, आणि मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

हाड मोडले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘कुणाकडे न्यायचे?’ पुष्कळदा उत्तर मिळते हाडवैद्याचे. तो जवळ असतो, ओळखीचा असतो, परवडतो, आणि रात्री दार वाजवले तरी उठतो. शहरातल्या शिकलेल्या माणसांनी यावरून आपल्या लोकांना अडाणी म्हणण्याचे कारण नाही. ज्याच्या खिशात दोन दिवसांची मजुरी आहे, तो दोन दिवसांच्या मजुरीत बसेल तोच उपचार निवडतो. शिवाय हाडवैद्याच्या हाताने बरी झालेली माणसेही गावात असतात. साधे, न सरकलेले हाड स्थिर ठेवले तर निसर्ग ते जोडतोच. म्हणून विश्वास बसतो.

पण हाड एकटे कधीच मोडत नाही. आपल्या शरीरात प्रौढपणी २०६ हाडे आणि सहाशेहून अधिक स्नायू असतात. प्रत्येक लांब हाडाला लगटून धमन्या, शिरा आणि मज्जातंतू जातात. हाताने चाचपून हाड कळते, मज्जातंतू कळत नाही. हा फरक काय करू शकतो ते चार उदाहरणांतून पाहू.

पहिले उदाहरण झाडावरून पडलेल्या मुलाचे. पाच ते आठ वर्षांचे मूल हातावर पडले की दंडाचे हाड बहुधा कोपराच्या जरा वर मोडते. तिथे हाड पातळ असते. त्याच्या अगदी पुढून हाताला रक्त देणारी मुख्य धमनी जाते, सोबत बोटे वळवणारा मज्जातंतू. मोडलेल्या हाडाचे टोक पुढे आले तर धमनी त्यावर ताणली जाते. अशा वेळी वरून लेप लावून कामट्यांनी घट्ट बांधले, आणि आत सूज वाढत गेली, तर हाताच्या स्नायूंना रक्त मिळत नाही. सुमारे सहा तासांत स्नायू मरू लागतात. मग बोटे आत वळून कायमची आखडतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी एकोणिसाव्या शतकात हा विकार नोंदवला, तेव्हाही त्यांनी बोट दाखवले होते ते घट्ट पट्ट्यांकडे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आजही पोराचा हात घेऊ शकते.

दुसरे उदाहरण दुचाकीस्वाराचे. नडगीवर हात फिरवून पाहा. आतल्या बाजूला कातडीखाली थेट हाड लागते, मध्ये स्नायू नाही. म्हणून अपघातात नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर येते, रस्त्याची माती आत जाते आणि जंतुसंसर्ग होतो. गुडघ्याखालचा पाय चार कप्प्यांत विभागलेला असतो आणि त्या कप्प्यांची आवरणे ताणत नाहीत. आत रक्त साचले की दाब वाढतो. दुखणे जखमेच्या मानाने फारच जास्त असेल, बोटे हलकेच ओढली तरी माणूस किंचाळत असेल, तर तो ‘सहनशील नाही’ असे समजू नये. त्याचा कप्पा फुगला आहे. शल्यचिकित्सक ती आवरणे उघडून दाब मोकळा करतो, आणि पाय वाचतो. हे काम दुसऱ्या दिवशी करून चालत नाही.

तिसरे उदाहरण मांडीचे. मांडीचे हाड शरीरातले सर्वांत लांब आणि मजबूत. ते मोडले की बाहेर थेंबभर रक्त न दिसता आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते. माणूस पांढरा पडतो, घाम येतो, आणि लोक म्हणतात घाबरला आहे. तो घाबरलेला नसून त्याच्या अंगातले रक्त कमी झालेले असते.

चौथे उदाहरण घरातल्या आजीचे. ओल्या अंगणात घसरून पडते, उठता येत नाही, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. खुब्याजवळ मांडीच्या हाडाची मान मोडलेली असते. त्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पोहोचते ते मुख्यतः मानेला बिलगून जाणाऱ्या बारीक धमन्यांतून. मान मोडली की त्या तुटतात आणि डोके आतून मरते. म्हणून तिथे कधी स्क्रू बसवतात, कधी डोकेच बदलतात. ‘वय झाले आता, अंथरुणावरच बरी होईल’ असे म्हणून ठेवले तर न्यूमोनिया आणि शय्याव्रण येतात. ऑपरेशन तिला अंथरुणातून उठवण्यासाठी असते.

राफ्टिंगच्या होड्या चालवणारी आपलीच पोरे असतात, म्हणून आणखी एक. वल्ह्याच्या झटक्याने खांदा निखळला की कुणीतरी मित्र पाय काखेत रोवून हात ओढतो. खांद्याच्या सांध्याखालून एक मज्जातंतू वळसा घालून जातो. तो दुखावला तर खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो आणि हात वर उचलता येत नाही. म्हणून आधी तपासायचे, क्ष-किरण चित्र काढायचे, मग बसवायचे.

शस्त्रक्रियेची भीती आपल्याकडे खूप आहे. ‘कापाकापी करतील, स्नायू तोडतील, पाय कायमचा कमजोर होईल.’ खरे तर हाडाचा चांगला शल्यचिकित्सक शक्यतो स्नायू तोडत नाही. दोन स्नायूंच्या मधली वाट कुठे आहे आणि त्यांना वेगवेगळे मज्जातंतू कुठून येतात हे त्याला पाठ असते. त्या वाटेने तो हाडापर्यंत उतरतो. बाहेर पडताना स्नायू पुन्हा एकमेकांना टेकतात. दंडाच्या हाडामागून वळसा घेत जाणारा मज्जातंतू त्याला आधी शोधून बाजूला धरावा लागतो, नाहीतर मनगट लोंबते राहते. ही सगळी वाट त्याला कुणी शिकवली? पुस्तकाने अर्धी. उरलेली अर्धी शिकवली विच्छेदनाच्या टेबलावरच्या मृतदेहाने.

आता जरा थांबून विचारू, तो मृतदेह कुणाचा होता?

सुश्रुतसंहितेत मृतदेह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात ठेवावा आणि मग एकेक थर दूर करत आतले अवयव डोळ्यांनी पाहावेत, असे सांगितले आहे. म्हणजे ही विद्या आपल्या भूमीत होती. पुढे ती मागे पडली. कारण माझ्या मते उघड आहे. प्रेताचा विटाळ मानणारा समाज प्रेतापासून शिकू शकत नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, महाडला, ज्या मनुस्मृतीचे दहन केले, तिने चिकित्सकाचे अन्नही वर्ज्य ठरवले होते. ज्या हातांना मेलेली गुरे ओढावी लागत, सोलावी लागत, त्या हातांना सांधा कुठे सुटतो, कंडरा कुठे चिकटते हे ठाऊक होते. पण त्या हातांना अक्षर बंदी. ज्यांच्याकडे अक्षर होते त्यांना स्पर्श बंदी. हात आणि अक्षर यांची अशी फारकत झाली आणि शल्यविद्या मेली. त्या सक्तीच्या कामाचा गौरव करण्याचा प्रश्नच नाही, बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले ते योग्यच. पण नुकसान कुणाचे झाले हे नोंदवले पाहिजे. ते साऱ्या समाजाचे झाले. याउलट बौद्ध परंपरेत जीवकाने एका श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया केल्याची कथा विनयपिटकात आहे, आणि मांस, स्नायू, हाड, मज्जा अशी देहाची उघड मोजदाद करून त्यावर चिंतन करायला भिक्खूंना शिकवले आहे. देहाकडे किळस किंवा विटाळ न मानता पाहण्याची सवय आपल्या वारशात आहे.

पुढे १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी मानवी मृतदेहाचे विच्छेदन केले आणि १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. देह मात्र कुणाचे मिळाले? इंग्लंडच्या १८३२ च्या कायद्याने गरीबगृहात मेलेल्या बेवारसांचे देह वैद्यकीय शाळांना दिले. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्यानेही बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देण्याची सोय केली. बेवारस कोण मरतो? फलाटावरचा, पुलाखालचा, गाव सोडून कामाला आलेला, ज्याच्या घरच्यांना कळवायला कुणी नसते तो. बंगल्यातला माणूस बेवारस मरत नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर शिकले ते मोठ्या प्रमाणात गरिबाच्या देहावर, त्याला न विचारता.

म्हणून माझे म्हणणे असे, की या विद्येवर आपला हक्क आहे. तो भीक म्हणून मागायचा नाही. आपल्या माणसांच्या देहांवर जी विद्या उभी राहिली, ती कोलाडच्या आंबेवाडी नाक्यावर पडलेल्या मजुराला मिळालीच पाहिजे. रोहा-माणगावच्या सरकारी रुग्णालयांत रविवारी रात्री क्ष-किरण यंत्र चालू असले पाहिजे, ते चालवणारा माणूस हजर असला पाहिजे, हाडाचा शल्यचिकित्सक बोलावल्यावर येईल इतक्या अंतरावर असला पाहिजे. आज पहिल्या सहा तासांची किंमत मोजली जाते ती मुंबईच्या रस्त्यावर, शंभराहून अधिक किलोमीटर. ग्रामसभेत आपण रस्ता, पाणी, समाजमंदिर यांचे ठराव मांडतो. हाही ठराव मांडावा, लेखी, तारखेसह, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा.

काही गोष्टी आजच करता येतात. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून मोफत आहे. ती येईपर्यंत मोडलेला अवयव फळी किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राने वरच्या आणि खालच्या सांध्यासह स्थिर ठेवावा, ओढू नये, चोळू नये, घट्ट आवळू नये. बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती गार, निळी, बधिर पडली किंवा हलेनाशी झाली तर बांधलेले ताबडतोब सैल करावे. कुणीही बांधलेले असो, हाडवैद्याने किंवा प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरनेसुद्धा, ही तपासणी सारखीच. उपाशीपोटी न्यावे, भूल द्यावी लागू शकते. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ साली ती पहिल्यांदा सुरू झाली त्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. शिधापत्रिका आणि आधार घरात एका पिशवीत तयार ठेवा, आणि रुग्णालयात गेल्याबरोबर आरोग्यमित्राला विचारा.

हाडवैद्यांनाही वाळीत टाकू नका. त्यांना विहारात बोलवा, डॉक्टरांनाही बोलवा. सरकलेले हाड, फाटलेली कातडी, बधिर बोटे आणि लहान मुलाचे कोपर यांना हात न लावता पुढे पाठवायचे, एवढे जरी ठरले तरी पुष्कळ हात वाचतील.

शेवटची गोष्ट देहदानाची. हक्क मागायचा तर देण्यातही आपण मागे राहू नये, पण देणे आपल्या इच्छेने असावे. बेवारस म्हणून उचलून नेलेला देह आणि स्वतः सही करून दिलेला देह यांत माणूस असण्याचा फरक आहे. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींत आपलीही लेकरे आहेत. त्यांना शिकायला देह लागतो. अर्ज भरताना घरच्यांशी नीट बोला, कारण शेवटी कळवायचे आणि पोहोचवायचे त्यांनाच असते. अपघाती मृत्यूत शवविच्छेदन झाल्यास देह बहुधा स्वीकारत नाहीत, पण नेत्रदान तेव्हाही होऊ शकते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा बुद्ध पौर्णिमेला विहारात रक्तदानाच्या टेबलाशेजारी देहदानाच्या अर्जांचे एक टेबल लावायला फार खर्च येत नाही.

ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला, त्यांच्याच देहाला हात लावून उद्याचा डॉक्टर शिकेल. आणि तो शिकलेला हात कोलाडच्या नाक्यावर वेळेत पोहोचला पाहिजे, हे पाहणे आपले काम आहे.