मोटार दिसते, रस्ता दिसत नाही

अमेरिकेत मुलांकडे चार-सहा महिने राहून परतलेल्या आपल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात एक विधान हमखास येते : तिथे सरकारने लुडबुड केली नाही, म्हणून तो देश घरटी मोटार बाळगू शकला. या समजुतीला खतपाणी घालणारी स्थळे म्हणजे तेथील जुन्या मोटारींची संग्रहालये. ती प्रेक्षणीय आहेत यात शंका नाही. मीही ती आवडीने पाहिली आहेत. परंतु त्यांतून अर्थशास्त्राचा जो धडा आपण घरी घेऊन येतो तो चुकीचा आहे, आणि आपल्या शहरांना तो महाग पडत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंडियाना राज्यातील ऑबर्न या गावी ऑबर्न कंपनीच्या १९३० सालच्या मुख्य कचेरीतच संग्रहालय थाटले आहे. कंपनीचे मोटार-उत्पादन १९३७ मध्ये थांबले. पण तिच्या कॉर्ड आणि ड्युसेनबर्ग गाड्या आजही कालच विक्रीला आल्यासारख्या लखलखत असतात. नेवाडातील रेनो येथे हॅरा या कसिनोमालकाच्या प्रचंड संग्रहाचा उरलेला भाग आहे. लॉस एंजेलिसचे पीटरसन संग्रहालय १९९४ सालचे, तर मिशिगनमधील डिअरबॉर्नचे संग्रहालय स्वतः हेन्री फोर्ड यांनी १९२९ मध्ये स्थापिलेले. अशा दालनांचा नायक बहुधा कोणी एक पुरुष असतो : संशोधक, कारखानदार किंवा संग्राहक. गाडी मखरातल्या मूर्तीसारखी प्रकाशझोतात उभी असते आणि तिच्या चाकांखाली गुळगुळीत फरशी असते. रस्ता नसतो. माझा आक्षेप नेमका या रिकाम्या जागेला आहे.

मोटार ही एकटी उपयोगी पडणारी वस्तू नव्हे. रस्ता ही तिची पूरक वस्तू आहे आणि ती बाजाराने नव्हे, शासनाने पुरविली. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांचे आंतरराज्य जाळे मंजूर झाले. त्याच्या खर्चाचा ९० टक्के वाटा संघराज्य सरकारने उचलला आणि त्यासाठी इंधनावरील संघीय कर गॅलनमागे २ सेंटवरून ३ सेंट केला. पुढे हा निधी अपुरा पडू लागला, तेव्हा २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतून त्यात वारंवार भर घालावी लागली. म्हणजे जो मोटार चालवीत नाही तोही मोटारीचा रस्ता पोसतो. थॉमस मॅकडोनाल्ड हे १९१९ ते १९५३ अशी तब्बल चौतीस वर्षे संघराज्याच्या रस्तेखात्याचे प्रमुख होते. ड्युसेनबर्ग बंधूंची नावे रसिकांना मुखोद्गत असतात. या सनदी नोकराचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

दुसरी रिकामी जागा ट्रामची. पीटरसन संग्रहालय ज्या शहरात आहे, त्या शहराच्या परिसरात एके काळी पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीचे हजार मैलांहून अधिक लोहमार्ग होते. ते आणि शहरातील ट्राम असे दोन्ही नाहीसे झाले. नॅशनल सिटी लाइन्स या कंपनीस, तसेच तिच्यात पैसा गुंतविणाऱ्या जनरल मोटर्ससह इतर पुरवठादारांस, बसगाड्या व साहित्य यांच्या विक्रीची मक्तेदारी साधण्याच्या कटाबद्दल १९४९ मध्ये दोषी ठरविण्यात आले. जनरल मोटर्सला दंड झाला अवघा ५,००० डॉलर. ट्राम केवळ या कटामुळे बुडाली असे म्हणणे मात्र न्याय्य ठरणार नाही. गोठवलेले भाडे आणि मोटारींच्या गर्दीत अडकलेले रूळ हीही कारणे होतीच; शिवाय शेवटची ट्राम बंद केली ती एका सार्वजनिक प्राधिकरणाने. पुढे १९९० मध्ये लॉस एंजेलिस ते लाँग बीच ही रेल्वे बऱ्याच अंशी त्याच जुन्या मार्गावर पुन्हा सुरू झाली. खर्च सुमारे ८८ कोटी डॉलर. मोडण्याची चूक स्वस्तात झाली, निस्तरण्याची किंमत करदात्याने मोजली.

यावर कोणी म्हणेल, संग्रहालयाचे काम सौंदर्य जतन करण्याचे आहे, लेखापरीक्षणाचे नव्हे. हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण अमेरिकेतच त्याचे खंडन उभे आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधील वाहतुकीचे दालन २००३ मध्ये उघडले. त्याला देणगीदार जनरल मोटर्सचे नाव आहे. तरीही तिथे ‘रूट ६६’ या महामार्गाचा चाळीस फुटांचा काँक्रीटचा तुकडा आणून ठेवला आहे. आणि डिअरबॉर्नला, मोटारसम्राटाच्या त्या वास्तूत, पाहणाऱ्याला अंतर्मुख करणारे वाहन कोणते? १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीत रोझा पार्क्स ज्या बसमध्ये जागेवरून उठल्या नाहीत, ती बस. फोर्डच्या प्रतिस्पर्ध्याने बांधलेली ही साधी शहर-बस संग्रहालयाने २००१ मध्ये ४,९२,००० डॉलर देऊन घेतली. नागरिक म्हणून समान वागणुकीचा प्रश्न तिथे उभा राहिला, कारण ते वाहन सार्वजनिक होते.

आपल्याला हे का महत्त्वाचे? लॉस एंजेलिसची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६३ रोजी धावली आणि मुंबईची ३१ मार्च १९६४ रोजी. बरोबर एका वर्षाचे अंतर. त्यांनी चूक ओळखून रूळ पुन्हा टाकले. आपण मात्र त्यांच्या झगमगत्या दालनांतून अजून जुनाच धडा गिरवीत आहोत. आपल्याकडे उड्डाणपुलावरील खर्चाला गुंतवणूक म्हणतात आणि बसवरील खर्चाला तोटा. बससेवेची तूट दरवर्षी चव्हाट्यावर येते. उड्डाणपुलाकडे नफा-तोट्याचा हिशेब कोणी मागत नाही. हा भेद अर्थशास्त्राचा नाही. वातानुकूलित मोटारीत बसून धोरण ठरविणाऱ्या वर्गाच्या सोयीचा आहे, आणि त्या वर्गात माझ्यासारखे अधिकारीही मोडतात.

तेव्हा ही संग्रहालये जरूर पाहावीत, ड्युसेनबर्गसमोर छायाचित्रेही काढावीत. मात्र परतल्यावर मोटारीचे श्रेय खासगी उद्योगाला देताना रस्त्याचे देयक कोणी चुकते केले, हेही सांगावे. अर्धा हिशेब सांगणाऱ्यास सरकारी कचेरीत आम्ही आक्षेप काढून कागद परत पाठवितो.