डोक्याची फिल्म पाहताना



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका काकांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. दवाखान्यात मेंदूचा एम.आर.आय. झाला. मुलगा बारावी सायन्सला. मेंदूचा उजवा भाग डावे अंग चालवतो, हे त्याला ठाऊक. फिल्म उजेडात धरली, तर डाग डाव्या बाजूला! ‘ही फिल्म दुसऱ्याच कुणाची,’ म्हणून घरात रडारड. औषधे बंद करून भगताकडे जायची भाषा सुरू झाली. धम्मदीक्षेला एवढी वर्षे झाली तरी आपल्या घरांतून भगत जात नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

मी डॉक्टर नाही, कारकून माणूस. पण फिल्मवर काकांचेच नाव होते आणि डागाच्या बाजूच्या कडेला इंग्रजी ‘आर’ हे अक्षर होते. आर म्हणजे राइट, रोग्याची उजवी बाजू. आडव्या कापाचे चित्र रोग्याच्या पायाकडून वर पाहिल्यासारखे मांडतात. म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितले, तेव्हा घर शांत झाले.

मग इतकी चित्रे कशाला? कांदा घ्या. आडवा चिरला तर चकत्या, उभा चिरला तर पाकळ्या, कांदा एकच. मेंदूचेही तीन काप. आडव्या कापात मधल्या पाण्याच्या पोकळ्या दिसतात, दोन्ही बाजू ताडून पाहता येतात. दुसरा एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणारा उभा काप, कोरोनल. आठवणींशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस त्यात चांगला दिसतो. तिसरा नाकाच्या रेषेत पुढून मागे, सॅजायटल. त्यात दोन अर्धगोल जोडणारा जाड पट्टा, लहान मेंदू आणि खाली उतरणारा मेंदूचा देठ एका नजरेत येतात. एका कापात न कळलेली गोष्ट दुसऱ्यात कळते.

जिवंत रोग्याच्या मेंदूचा पहिला सी.टी. स्कॅन लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाला. ते यंत्र बनवणारे हाउन्सफील्ड शेतकऱ्याचे पुत्र, विद्यापीठाची पदवी नसलेले. १९७९ साली त्यांना नोबेल मिळाले! सी.टी.त क्ष-किरण असतात, एम.आर.आय.मध्ये चुंबक.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही स्कॅन पाहूनच. जुन्या फिल्म घडी न घालता जपा, पुढच्या तपासणीला सोबत न्या.

काका आता भिंत धरून चालतात.