पायलट व्हायचंय? जर्मनच्या क्लासची फी भरण्याआधी इंग्रजीची 'पातळी' समजून घ्या

बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारख्या गावातून बारावी सायन्स करून पायलट व्हायचं ठरलं, की घरात पहिला हिशेब पैशांचा होतो. ते साहजिकच आहे. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि एकूण खर्च अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा त्यापुढे जातो. त्यात कोणीतरी सल्ला देतं, 'सोबत जर्मन किंवा अरबी शिकून घे, परदेशात लगेच नोकरी.' हा सल्ला कितपत खरा?

बहुतेकांच्या बाबतीत खरा नाही. गोंधळ होतो तो केबिन क्रूच्या जाहिरातींमुळे. प्रवाशांशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला जादा भाषा येत असेल तर तिचा उपयोग होतो. कॉकपिटचं गणित वेगळं आहे. दुबईच्या एमिरेट्समध्ये विमान उडवायला अरबी यावी अशी अट नसते, इंग्रजीची मात्र असते.

नियम काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) नियमानुसार वैमानिक आणि कंट्रोल टॉवर यांचं बोलणं स्थानिक भाषेत किंवा इंग्रजीत होऊ शकतं. फ्रान्समध्ये फ्रेंच वैमानिक टॉवरशी फ्रेंचमध्ये बोलतात. पण आंतरराष्ट्रीय विमानतळावर मागणी केली की इंग्रजी उपलब्ध असावीच लागते. म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गावर उडणाऱ्याला इंग्रजीतून सुटका नाही.

ही इंग्रजी किती चांगली हवी, हे ठरवण्यासाठी १ ते ६ अशा पातळ्या आहेत. किमान पातळी ४ हवी. ५ मार्च २००८ पासून हा निकष लागू झाला, काही देशांना तयारीसाठी २०११ पर्यंत सवलत मिळाली. पातळी ४ असेल तर दर ३ वर्षांनी पुन्हा परीक्षा, ५ असेल तर ६ वर्षांनी. ६ मिळाली की पुन्हा परीक्षा नाही.

परीक्षेत उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद हे सहा घटक तपासतात. सहाची सरासरी काढत नाहीत; सर्वांत कमी गुण ज्या घटकाला, तीच तुमची पातळी. पाच ठिकाणी ५ आणि ऐकून समजण्यात ३ असेल, तर निकाल ३. म्हणजे नापास.

मराठी माध्यमाच्या मुलांनी इथे थांबून विचार करायला हवा. शाळेत इंग्रजी वाचून-लिहून होते. निबंध येतो, पत्र येतं, समोरच्याशी पाच मिनिटं बोलायला मात्र घाम फुटतो. या परीक्षेत वाचन-लेखन नाहीच, फक्त बोलणं आणि ऐकणं. दिलासा एवढाच, की मराठी वळणाच्या उच्चाराबद्दल शिक्षा नाही. मातृभाषेची छाप पातळी ६ मध्येही चालते, अट इतकीच की समोरच्याला समजायला अडचण येऊ नये. त्यामुळे 'अमेरिकन अ‍ॅक्सेंट'च्या क्लासला पैसे घालण्यात अर्थ नाही.

एवढी काटेकोर अट कशासाठी?

त्याचं एक उत्तर हरियाणात आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर सौदी एअरलाइन्सचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ हवेत धडकली. ३४९ जण गेले. दिल्लीकडे उतरत असलेल्या कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं. ते त्याच्याही खाली आलं. त्या विमानात टॉवरशी इंग्रजीत बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं; वैमानिकांचं इंग्रजी कच्चं होतं. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत हा मुद्दा पुढे आला. इंग्रजीच्या पातळ्यांचा निकष आयकाओने २००३ मध्ये स्वीकारला, तेव्हा अशा अपघातांचा अनुभव समोर होता.

रेडिओवरच्या ठरावीक वाक्यांची घोकंपट्टी करून भागेल, असं अनेकांना वाटतं. रोजच्या कामात भागतंही. संकटात सापडलेलं विमान 'मेडे' म्हणतं (गंमत म्हणजे हा शब्द फ्रेंचमधून आला). त्यापुढे मात्र पाठ केलेलं वाक्य नसतं. इंजिनाला काय झालं, धूर कुठून येतोय, किती इंधन उरलंय, हे स्वतःच्या शब्दांत सांगावं लागतं.

मग तिसरी भाषा कधी?

युरोपात राहून तिथल्याच कंपनीत काम करायचं असेल तर जर्मन-फ्रेंच उपयोगी पडेल. पण तिथल्या कंपन्या आधी युरोपीय लायसन्स आणि तिथे राहून काम करण्याचा हक्क पाहतात. हे दोन्ही नसताना 'बी-टू'चं प्रमाणपत्र फाइलमध्येच राहतं. आखाती कंपन्या उड्डाणाचे तास मोजतात. त्यामुळे लायसन्स हातात नसलेल्या मुलाने या भाषेवर वर्ष घालवणं म्हणजे घोड्याआधी खोगीर घेणं.

त्यापेक्षा रोज वीस मिनिटं एखादं चित्र समोर ठेवून त्याचं इंग्रजीत मोठ्याने वर्णन करावं, ते फोनवर रेकॉर्ड करून ऐकावं. परदेशी टॉवर आणि वैमानिकांचे संवाद इंटरनेटवर फुकट ऐकायला मिळतात. सुरुवातीला एक शब्द कळणार नाही, ते चालतं.

आणि आयईएलटीएसचे गुण इथे धरत नाहीत. विमानोड्डाणाच्या इंग्रजीची परीक्षा वेगळी आहे आणि ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मान्यता दिलेल्या केंद्रावरच द्यावी लागते. फी भरण्याआधी केंद्राचं नाव त्या यादीत आहे का, ते डीजीसीएच्या वेबसाइटवर पाहा.