चुकीला गुरू मानणारे गणित

आपल्या उधना-लिंबायत भागात यंत्रमागाच्या खडखडाटातून बाबा मोबाइलवर बोलतात आणि तिकडे धुळ्या-जळगावकडे आजीला ते ऐकू जाते. हे कसे घडते? पुष्कळ मोबाइलमध्ये दोन मायक्रोफोन असतात. एक तोंडाजवळ, दुसरा दूर. दुसऱ्यात मुख्यतः गोंगाटच येतो. त्यावरून फोनमधील गणित पहिल्यात मिसळलेल्या गोंगाटाचा अंदाज बांधते, तो वजा करते आणि किती उरला हे पाहून पुढचा अंदाज सुधारते. स्वतःला सुधारत जाणाऱ्या या गाळणीला अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर म्हणतात. बिनतारी संदेशवहनात नकोशा लहरी दाबायलाही ती वापरतात.

१९६० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी त्यासाठी सोपी रीत मांडली. दर वेळी चूक मोजा आणि तिच्या प्रमाणात थोडी दुरुस्ती करा. दुरुस्तीचे पाऊल फार मोठे असेल तर गाळणी भरकटते. फार लहान असेल तर शिकायला वेळ लागतो.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींत विजेच्या तारांवरील ठिणग्यांचा गोंगाट मिसळतो. तेथील यंत्रणा लहरींचा नेहमीचा चढउतार मोजून मर्यादा ठरवते आणि ती ओलांडणारा भाग बाजूला काढते. मर्यादा फार कडक ठेवली, तर आकाशाचा संकेतही त्याबरोबर जाईल.

आपल्याकडे मात्र चुकीवर लाल रेघ पडली की विषय संपतो. उत्तरपत्रिका घरी जाते, सही होऊन परत येते आणि कपाटात पडते. गुण पाहून मुलावर ओरडणे हे फार मोठे पाऊल झाले. काहीच न बोलणे म्हणजे पाऊलच नाही. दोन्हींत मूल शिकत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक चाचणीनंतर एक तास फक्त चुका सुधारण्यासाठी ठेवावा. विश्वस्तांनी गुणवंतांच्या फळ्याशेजारी सर्वाधिक सुधारणा करणाऱ्यांचीही नावे लावावीत. आणि पालकांनी "किती मिळाले?" याआधी "या वेळी काय सुधारलेस?" असे विचारावे. एक साधी गाळणी चुकांतून शिकू शकते, तर आपली मुले का शिकणार नाहीत?